गप्प बसा, इंजिन बोलतंय

कॅमेरा दिसला की माणसं बाजूला होतात; मायक्रोफोन दिसला की जवळ येतात. फोटोच्या आड आलेला माणूस 'सॉरी, सॉरी' म्हणत कमरेत वाकून पळतो. आवाजाच्या आड आलेल्याला मात्र आपण आड आलोय हे पटतच नाही, कारण तो बिचारा मागे उभा असतो. मागे उभा राहून तो शेजारच्याला विचारतो, "काय चाललंय हो?" शेजारच्याला ठाऊक नसतं, म्हणून तो तिसऱ्याला विचारतो. तिसरा नेमका जाणकार निघतो. तो म्हणतो, "श्श! रेकॉर्डिंग चालू आहे, कुणी बोलू नका!" घरी येऊन ऐकावं, तर अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात स्वच्छ आवाज त्याचाच आलेला असतो.

मला वाफेच्या इंजिनांचे आवाज टिपायचा नाद आहे. रुळांच्या कडेला उभं राहायचं, मायक्रोफोन पुढे धरायचा आणि गाडी येऊन निघून जाईपर्यंत श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा, एवढंच काम. तिकिटं किंवा नाणी जमवणाऱ्यांकडे लोक निदान आदरानं बघतात, कारण त्या वस्तूंना पुढेमागे मोल येईल अशी आशा असते. माझ्या बाबतीत संवाद ठरलेला.

"विकता का हे आवाज?"

"नाही."

"सिनेमावाल्यांना देता?"

"नाही."

"मग घरी नेऊन काय करता?"

"ऐकतो."

यावर विचारणारा माझ्याकडे न बघता बायकोकडे बघतो.

खरं तर या आवाजामागचं गणित फार देखणं आहे. सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलून झालेली वाफ धुराड्यातून बाहेर फेकली जाते, तो 'भक्'. सिलिंडर दोन, आणि प्रत्येकात दट्ट्याला जातानाही धक्का आणि येतानाही. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला चार भक्. ही वाफ वर जाताना भट्टीतून हवा ओढून घेते, त्यामुळे इंजिन जितकं राबेल तितका जाळ भडकतो, आणि जाळ भडकला की ते आणखी राबू शकतं. सपाटीवर ते नुसतं खुळखुळत जातं. उतारावर तर हूं की चूं करत नाही. म्हणून आम्हा हौशी मंडळींना हवा असतो चढ, चढावर भरलेले डबे आणि डब्यांखाली ओले रूळ. चाक घसरलं, इंजिन जागच्या जागी भकभकभकभक करत कासावीस झालं, की आम्ही डोळे मिटून 'वा!' म्हणतो. दुसऱ्याच्या हालअपेष्टांतून एवढा निर्मळ आनंद एरवी फक्त शेजाऱ्यांचं कपाट जिन्यात अडकल्यावर मिळतो.

आणि या आनंदात माणसांनी व्यत्यय आणायचा, ही परंपरा आपल्याकडे रेल्वेइतकीच जुनी आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. 'साहिब', 'सिंध' आणि 'सुलतान' अशी तीन-तीन इंजिनं, मागे १४ डबे, डब्यांत ४०० पाहुणे. एडिसन तेव्हा सहा वर्षांचा होता आणि त्याचा फोनोग्राफ निघायला अजून २४ वर्षं होती. तो आवाज कायमचा हरवला म्हणून आमच्या पंथातले लोक हळहळतात. मी हळहळत नाही. गाडी सुटताना २१ तोफांची सलामी झाली होती आणि बँड वाजत होता. फलाटावर कुणी यंत्र घेऊन उभा असता, तरी त्याला तोफा मिळाल्या असत्या, बँड मिळाला असता आणि 'अहो, जरा सरका की' मिळालं असतं. इंजिन मिळालं नसतं.

महाराष्ट्रातल्या रुळांवरून वाफ केव्हाच गेली. माथेरानच्या झुकझुक गाडीलाही डिझेल लागलं त्याला कित्येक वर्षं झाली. आता चढावर वाफ हवी तर निलगिरी नाही तर दार्जिलिंग. निलगिरीत मेट्टुपालयमहून कुन्नूरला जाणारं इंजिन मधल्या दातेरी रुळात चक्र अडकवून चढतं आणि गाडीला पुढून ओढण्याऐवजी मागून ढकलतं. रानातून जाणारी वाट, जवळ रस्ता नाही, माणूस नाही. मला वाटलं, मिळालं. पण वाऱ्याची फरफर येऊ नये म्हणून मायक्रोफोनला केसाळ टोपी घालावी लागते आणि हिलग्रोव्ह स्टेशनात, जिथे इंजिन पाणी प्यायला थांबतं, तिथे माकडं असतात. एका माकडिणीने ती टोपी उचलून छातीशी धरली आणि झाडावर नेली. तिच्या चेहऱ्यावर इतकं वात्सल्य होतं की परत मागायचा धीर झाला नाही.

उरलं दार्जिलिंग.

१८८१ मध्ये पूर्ण झालेली ही रेल्वे, रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. इथल्या बी क्लास इंजिनांची जात १८८९ पासूनची, आणि चाक जेमतेम २६ इंची. मेलगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूपी इंजिनाचं चाक पाच फूट सात इंचांचं असे, त्यामुळे त्याचं बोलणं सुटं, भारदस्त. हे पिल्लू ताशी १० किलोमीटरने चाललं तरी सेकंदाला पाचाहून जास्त भक् करतं. शिवाय दार्जिलिंगहून घूमला जाताना चढ आहे, कारण घूम स्टेशन २,२५८ मीटरवर, दार्जिलिंगच्याही वर. म्हणजे जाताना इंजिन धापा टाकणार. मी नकाशावर चढ शोधले, वळणं शोधली, वाऱ्याची दिशा काढली. नकाशावर जीपगाड्या दाखवत नाहीत.

हे रूळ रानातून जातच नाहीत, बाजारातून जातात. एका बाजूला हिल कार्ट रोड, दुसऱ्या बाजूला दुकानं. इतकी जवळ, की गाडी येताना दुकानदार टांगलेले स्वेटर हाताने आत ओढून धरतो आणि गाडी गेली की सोडून देतो. रस्ता आणि रूळ घडोघडी एकमेकांना ओलांडतात, त्यामुळे इंजिन सतत शिट्टी मारतं. त्या शिट्टीला जीपवाले हॉर्नने उत्तर देतात. युनेस्कोने १९९९ मध्ये या रेल्वेला जागतिक वारसा ठरवलं. जीपवाल्यांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

एके सकाळी दाट धुकं पडलं. माझ्या शेजारी कॅमेरा घेऊन आलेले एक गृहस्थ कपाळाला हात लावून बसले. "काही दिसत नाही हो!" मी मनातल्या मनात नाचत होतो. वारा नाही, दव पडून रूळ ओले, हवा स्थिर. असा दिवस आम्हाला नवस करून मिळत नाही. मग लक्षात आलं की जीपवाल्यांनाही काही दिसत नव्हतं. जे एरवी वळणावर हॉर्न वाजवत, ते आता हॉर्नवर हात ठेवूनच गाडी हाकत होते.

त्यातून मायक्रोफोन हातात असलेला माणूस म्हणजे टीव्हीवाला, ही देशभरची समजूत. एक आजोबा आले, टोपी सारखी केली, मायक्रोफोनसमोर ताठ उभे राहिले आणि दार्जिलिंगच्या पाणीटंचाईवर बोलू लागले. कुणाला किती बादल्या मिळतात, नळ कधी येतो, निवडणुकीत कोण काय बोलून गेलं. मुद्देसूद बोलले. त्यांच्या मागून इंजिन येऊन गेलं. शेवटी त्यांनी विचारलं, "कब आएगा?" मला वाटलं गाडीबद्दल विचारतायत. मी म्हणालो, "गई." ते टीव्हीवरच्या बातमीबद्दल विचारत होते.

मदत करणारेही कमी नाहीत. एक तरुण बाप कडेवरचं पोर घेऊन शेजारी उभा राहिला. खरंखुरं इंजिन पाच फुटांवरून, जीव तोडून भकभकत चाललेलं, आणि हा पोराला म्हणतो, "गाडी कशी करते? अंकल को बताओ!" पोराने लाजून तोंड लपवलं. मग बापाने स्वतः करून दाखवलं. मग आईने सांगितलं, तसं नाही, असं. माझ्याकडे त्या इंजिनाचं जे रेकॉर्डिंग आहे, त्यात एक गाडी बी क्लासची आहे आणि दोन कौटुंबिक.

खुद्द इंजिनावरची माणसंही गप्प नसतात. एवढंसं ते इंजिन; त्यावर ड्रायव्हर, फायरमन, कोळसा फोडणारा, आणि शिवाय पुढ्यात बसून चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर हातानं वाळू टाकणारे. एका वळणावर मला हवी होती तशी जागा मिळाली. ना जीप, ना आजोबा, ना बाळ. इंजिन खालून आवाज चढवत आलं. आता एक चाक घसरलं की जन्माचं सार्थक. पुढ्यात बसलेल्या वाळूवाल्याने मला पाहिलं, चार दिवस हा माणूस रुळाकडेला दिसतोय हे त्याने ओळखलं, आणि वाळूची मूठ रुळावर नेमकी सोडून, तोंडभर हसून, दोन्ही हात हलवत ओरडला, "नमस्ते, दाजू!" चाक घसरलं नाही. माणूस इतका चांगला असेल तर त्याच्यावर रागावता येत नाही, हा या छंदातला मोठा तोटा आहे.

घूमच्या वळणावर तर माणसं नव्हतीच. तिथे मीच होतो. मी घातलेलं विंडचीटर दर श्वासाला चुरचुर वाजत होतं. हेडफोनमध्ये ऐकलं तर कुणीतरी चिवड्याचं पाकीट फोडतंय असं वाटावं. म्हणून ते काढून ठेवलं. बायको म्हणाली, "अहो, थंडी किती आहे!" मी बोटाने गप्प राहायची खूण केली. ती गप्प राहिली. मग तिने खरोखरच चिवड्याचं पाकीट फोडलं. ते मिटवून पिशवीत घालेपर्यंत गाडी आली होती आणि अर्ध्या बाह्यांच्या शर्टात माझे दात वाजायला लागले होते.

आमच्या पंथाच्या गुरूंनी हे सगळं कसं निभावलं असेल, असा विचार मी रात्री हॉटेलात रजईखाली करत असे. ब्रिटनमधल्या पीटर हँडफर्डने १९५० च्या दशकात वाफेच्या गाड्यांचे आवाज टिपून 'ट्रान्सॅकॉर्ड' नावाने तबकड्या काढल्या. लोकांनी त्या चक्क पैसे देऊन विकत घेतल्या. पुढे 'आउट ऑफ आफ्रिका'च्या ध्वनीसाठी त्याला ऑस्करही मिळालं. हे मी बायकोला अधूनमधून ऐकवतो. ती म्हणते, "ते सिनेमाचं मिळालं. रुळाकडेला उभं राहण्याचं नव्हे." अमेरिकेतल्या विन्स्टन लिंकचं तर नशीबच वेगळं. १९५७ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री त्याने व्हर्जिनियातल्या रुरल रिट्रीट या गावी यंत्र लावलं. गाडी येते, थांबते, निघून जाते, आणि मागे चर्चच्या घंटांवर नाताळची गाणी वाजत राहतात. लोक आजही ते ऐकून भारावतात. मागचा आवाज चर्चच्या घंटेचा असला की ती कला. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये इंजिन येतं, थांबतं, निघून जातं आणि मागे "सर, मोमो? व्हेज है सर, चिकन भी है" वाजत राहतं.

बतासिया लूपवर जायचं मी टाळत होतो, कारण तिथे पर्यटकांची गाडी दहा मिनिटं थांबते आणि सगळे खाली उतरतात. पण थांबलेली गाडी तिथून घूमच्या चढाला पुन्हा निघते, तो आवाज सोन्यासारखा. बागेच्या कडेला कोपरा गाठून मी नवी केसाळ टोपी घातलेला मायक्रोफोन काठीवर रोवला. गाडी आली, थांबली, आणि धुक्यातून शुद्ध मराठी ऐकू आलं.

"ते मांजर बघ कसं काठीला बांधलंय!"

एका यात्रा कंपनीची तुकडी होती. माकडटोप्या, पांढरे बूट, पिशवीतून दशम्यांचा वास. मी बायकोला डोळ्यांनी दटावलं: मराठीत बोलायचं नाही. आपण मराठी आहोत हे कळलं की 'तुम्ही कुठले?', मग 'म्हणजे अमक्यांना ओळखत असाल', आणि मग गाडी सुटते. आम्ही दोघं चेहरा कोरा करून उभे राहिलो. निळ्या शालीच्या बाईंनी आम्हाला न्याहाळलं.

"बंगाली दिसतायत."

"हो ना. आणि बायको बघ किती सोसते बिचारी."

बायकोने यावर बंगालीत मान डोलावली.

आम्हाला मराठी येत नाही हे ठरल्यावर दोघी मायक्रोफोनला पाठ लावून मोकळ्या झाल्या. निळी शाल म्हणाली, "धाकटीचं जमलं, कळलं ना?" दुसरी म्हणाली, "काय सांगतेस! कुणाशी?" निळी शाल म्हणाली, "कुणाला बोलू नकोस हं. घरात अजून माहीत नाही. मुलगा म्हणजे..." आणि इंजिनाने शिट्टी मारली. लांब, खणखणीत. शिट्टी संपायच्या आत गाडी सुटली, लोक पळत डब्यात चढले, त्या दोघीही पळाल्या, आणि भकभकीच्या आडून, लांब जाताना, शेवटचं एवढंच ऐकू आलं, "अगंबाई! आणि आई कबूल झाली?"

घरी आल्यावर मी सगळं नीट लावून, नावं घालून, मोठ्या स्पीकरवर ऐकायला बसलो. इंजिनाचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून वाफेचा फवारा सुटतो, तो भाग मला फार आवडतो. त्या भागाला पोळ्या करणाऱ्या मावशींनी धावत जाऊन कुकरखालचा गॅस बंद केला. त्या दिवशी भात कच्चा राहिला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'बी विंगमध्ये पाण्याचा पाइप फुटला आहे का? भकभक आवाज येतोय.' पाठोपाठ प्लंबर आला. त्याने मात्र पूर्ण ऐकून घेतलं आणि येण्याजाण्याचे पैसे लावले.

खरे श्रोते लाभले ते तिसऱ्या मजल्यावरचे काका. दौंडच्या शेडमधून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी डोळे मिटले, खुर्चीच्या हातावर बोटं ठेवली आणि बोलू लागले. "आता रेग्युलेटर उघडला... हं, आता इंजेक्टर लावला, बॉयलरला पाणी चाललंय... थांबा, चारातला एक भक् हलका येतोय. एक बाजू लंगडतेय. व्हॉल्व्ह सेटिंग बघायला पाहिजे याचं." मी भारावून गेलो. इतक्या लोकांत पहिल्यांदा कुणीतरी इंजिन ऐकत होतं. घूमच्या वळणाला त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ही कडकड कसली? बेअरिंग गेलंय."

"काका, ते माझे दात आहेत."

"मग तेही शेडमध्ये दाखवून घ्या."

बतासियाचं रेकॉर्डिंग लागलं तशी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. एरवी इंजिन सुरू झालं की ती बाजारात जाते. तिने तो भाग परत लावायला सांगितला. मग पुन्हा. मग स्पीकरला कान लावून.

"'मुलगा म्हणजे'च्या पुढे काय म्हणाल्या त्या?"

"शिट्टी आहे तिथे."

"ती काढता येत नाही का?"

रेकॉर्डिंगमध्ये कापाकापी करणं आमच्या पंथात पाप समजतात. एरवी मी ठाम नकार दिला असता. पण १९४८ मध्ये पॅरिसमध्ये पिएर शेफेरने बातिन्योल स्टेशनातल्या इंजिनांचे आवाज टिपून, कापून, जोडून त्याचं संगीत केलं आणि रेडिओवरही लावलं. म्हणजे शास्त्राधार होता. शिवाय मलाही झोप येत नव्हती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर शिट्टी एकावर एक रचलेल्या आडव्या उजळ रेघांसारखी दिसते. त्या एकेक करून पुसायच्या. १८८९ च्या घराण्यातली ती शिट्टी, जिच्यासाठी मी रेल्वेने, जीपने आणि शेवटी पायी इतका प्रवास केला होता, ती मी रात्री दीड वाजेपर्यंत बसून इंचाइंचाने पुसली. बायको शेजारी चहा घेऊन जागी होती. शेवटची रेघ गेली, आणि निळ्या शालीचा आवाज धुक्यातून वर आला.

"...थांब गं, ही शिट्टी संपू दे, मग सांगते."

म्हणजे नाव पुढे आहे. भकभकीच्या खाली. भकभक पुसणं शिट्टीइतकं सोपं नाही, ती सगळ्या पडद्यावर पसरलेली असते. सकाळी मी सल्ल्यासाठी काकांकडे गेलो. म्हटलं, माझ्या संग्रहातला सगळ्यात चांगला चढाचा आवाज आहे, मन होत नाही. काकांनी थोडा विचार केला.

"पुसून टाका," ते म्हणाले. "तसंही व्हॉल्व्ह सेटिंग चुकलेलंच आहे. आणि मुलगा कोण निघाला ते मलाही कळवा."